टेंडरमधली पाण्याची ओळ

"काय हो, सध्या चौरस फुटाला काय भाव पडतो?"

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाची बशी हातात आली, की हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच. कोणाला इथे व्हिला घ्यायचा असतो, कोणाला गावी बंगला बांधायचा असतो. मी गेली सव्वीस वर्षे अमिरातीत बांधकाम कंपन्यांत इस्टिमेटिंगचे काम करतो. टेंडर आले की ते काम किती खर्चात होईल याचा अंदाज काढायचा आणि मालकाच्या हातात एक आकडा ठेवायचा, हा माझा धंदा. तेव्हा हा प्रश्न मलाच विचारला जाणार हे ओघानेच आले. मी काहीतरी आकडा सांगून मोदकाकडे वळतो. पण खरे सांगायचे तर चौरस फुटाचा भाव हे उत्तर नसते. त्या भावात काय धरले आहे आणि काय गाळले आहे, यात सगळी गोम आहे. आज त्यातल्या एका गाळलेल्या ओळीबद्दल लिहायचे आहे. विषय पैशाचा आहे की आरोग्याचा हे माझे मलाच ठरवता आले नाही, म्हणून संपादकांनी या सदरात जागा दिली ते बरे झाले.

आधी थोडे टेंडरविषयी. एखादा खासगी विकसक ४० व्हिलांची वसाहत बांधायला काढतो आणि पाच-सहा कंत्राटदारांना कागदपत्रे पाठवतो. त्यात नकाशे असतात, स्पेसिफिकेशन असते, कराराच्या अटी असतात आणि बिल ऑफ क्वांटिटीज, म्हणजे आमच्या बोलीत बी.ओ.क्यू., असते. मुदत तीन-चार आठवडे. काम बहुधा लम्पसम, म्हणजे एका ठरीव रकमेचे. बी.ओ.क्यू.मधली मापे फक्त मार्गदर्शनासाठी आहेत, चूक निघाली तर ती कंत्राटदाराच्या अंगावर, असे अटींत लिहिलेले असते. म्हणून आम्ही सगळी मापे नव्याने काढतो. वसाहतीच्या टेंडरात चूक महाग पडते, कारण एका टाइपच्या व्हिलात जिन्याखालची भिंत मोजायची राहिली तर ती एकदा राहत नाही, ते डिझाइन जितक्या वेळा आहे तितक्या वेळा राहते.

मालाचा हिशेब त्या मानाने सोपा. १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो भरते, २०० मिलिमीटरच्या भिंतीला चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक लागतात, फुटतूट पाच टक्के धरायची, पुरवठादारांचे भाव मागवायचे आणि गुणाकार करायचा. हे कोणत्याही कंपनीत थोड्याफार फरकाने सारखेच येते. सिमेंट मला एका भावाने आणि शेजारच्याला निम्म्या भावाने मिळत नाही.

फरक पडतो तो माणसांच्या हिशेबात. नव्याने इस्टिमेटिंगला लागलेला मुलगा काय करतो? कामगाराचा मूळ पगार महिना १,००० दिरहॅम, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे तासाला ४.८० दिरहॅम, असा भाव लावून मोकळा होतो. मीही कधीकाळी लावला होता. आता खरा हिशेब पाहा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कंपनीगणिक बदलतात. वर्षाचा पगार १२,०००. लेबर कॅम्पमधली राहण्याची जागा ४,२००. जेवण ३,६००. साइटवर नेण्या-आणण्याची बस १,८००. व्हिसा, परवाना वगैरेचा वर्षाचा वाटा १,५००. आरोग्य विमा ७००. दोन वर्षांनी एकदा घरी जाण्याच्या तिकिटाचा वाटा ६००. ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांत वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, म्हणजे साधारण ७००. बूट, हेल्मेट, हत्यारे ९००. बेरीज २६,०००. आता दिवस. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, रजेचे २६ कामाचे दिवस गेले, सणांच्या सुट्ट्या १३ धरल्या, आजारपण आणि रिकामे गेलेले दिवस १४. उरले २६०. गुणिले ८ तास, २,०८०. सव्वीस हजारांना त्याने भागा. तासाला १२.५० दिरहॅम येतात.

४.८० आणि १२.५० यांतले अंतर पाहिलेत? टेंडर स्वस्त करायचे तर हात याच अंतरात घालावा लागतो. लोखंडाचा भाव तुमच्या हातात नसतो. माणसाची खोली, जेवण आणि विश्रांती तुमच्या हातात असते.

त्यात इथला उन्हाळा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, थेट उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. २००५ पासून ही बंदी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात चालत आली आहे. मोडली तर माणशी ५,००० दिरहॅम दंड, जास्तीत जास्त ५०,०००. सावली, पिण्याचे पाणी, पंखे पुरवण्याचीही सक्ती आहे. कायदा चांगला आहे, आणि बहुतेक कंपन्या तो पाळतात हेही नमूद केले पाहिजे. पण उन्हाळा काही साडेबाराला सुरू होऊन तीनला संपत नाही. ऑगस्टमध्ये सकाळी सातला साइटवर गेलात तर चष्म्यावर वाफ धरते. हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. अशा दिवसांत गवंडी आणि बिगारी यांची जोडी एरवी ८ चौरस मीटर भिंत बांधत असेल तर ६.४ बांधते. म्हणजे त्याच भिंतीची मजुरी २५ दिरहॅमवरून ३१.२५ वर जाते. हे कोणी आळशी झाले म्हणून होत नाही. शरीर स्वतःला वाचवत असते. इस्टिमेटरने काम कोणत्या महिन्यात सुरू होणार ते पाहून हे धरायला हवे. ज्याने धरले नाही त्याचे टेंडर खालचे ठरते, काम त्यालाच मिळते, आणि मग तो फोरमनला सांगतो की आठ म्हणजे आठ.

आता मला नेहमी बोचणारी एक गोष्ट सांगतो. इथल्या स्पेसिफिकेशनमध्ये ताज्या काँक्रीटच्या तापमानाची मर्यादा असते, सर्रास ३२ अंश. ट्रक आला की इंजिनिअरचा माणूस थर्मामीटर खुपसतो, आणि काँक्रीट जास्त गरम निघाले तर ट्रक परत जातो. म्हणून उन्हाळ्यात रेडीमिक्सवाला पाण्याऐवजी बर्फ घालतो आणि त्याचे जादा पैसे लावतो. आम्ही सगळे इस्टिमेटर ते पैसे निमूटपणे धरतो. टेंडर कितीही आवळायचे असले तरी बर्फ काढा असे आजवर कोणत्याही मालकाने मला सांगितलेले नाही. काढताच येत नाही. पण ते काँक्रीट ओतणाऱ्या माणसाच्या अंगाचे तापमान स्पेसिफिकेशनमध्ये नसते.

शेजारच्या कतारने २०२१ मध्ये त्या दिशेने एक पाऊल टाकले. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून काढलेला एक निर्देशांक असतो, तो ३२.१ च्या वर गेला की घड्याळात कितीही वाजले असोत, उघड्यावरचे काम थांबवायचे. काँक्रीटचे ३२ आणि हे ३२.१ यांचे माप वेगवेगळे आहे, त्यांची तुलना करू नये हे मला कळते. तरी तो आकडा वाचला तेव्हा क्षणभर थांबलो होतो.

पाणी, सावली, नर्स, सेफ्टी ऑफिसर या गोष्टी टेंडरात जातात 'प्रिलिमिनरीज' या भागात. साइट ऑफिस, कुंपण, क्रेन, विमा, तात्पुरती वीज यांच्या जोडीला. हा भाग म्हणजे टेंडराचा माळा. काय काय टाकले आहे ते कोणी वर चढून बघत नाही. आणि टेंडर भरण्याच्या आदल्या रात्री मालक, मी आणि हिशेबनीस बसतो, तेव्हा कात्री चालते ती इथेच.

२०१४ चे टेंडर मला आठवते. व्हिलांचीच वसाहत होती. आमचा आकडा ६ कोटी दिरहॅमच्या घरात होता आणि तो १२ लाखांनी खाली आणायचा असे ठरले. पुरवठादारांकडून आणखी सूट मिळेल असे धरून काही लाख काढले. दुसरा सेफ्टी ऑफिसर काढला. नर्स काढली. पाणी आणि फिरत्या सावल्या यांची वेगळी ओळ होती, ती 'साइटचा किरकोळ खर्च' या ओळीत मिसळून टाकली, म्हणजे रक्कम काढली आणि नाव ठेवले. दर पानावर माझी सही होती. मालकाने दमदाटी केली असे म्हणता येत नाही. "चालेल ना?" असे विचारले आणि मी "चालेल" म्हणालो. रात्रीचे पावणेदोन वाजले होते.

काम आम्हाला मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, एक सेंटरिंगचा सुतार सकाळी साडेदहाला कोसळला. सव्वीस वर्षांचा मुलगा, बिहारमधला, देशातून येऊन त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, साइटवरचा पाचवा दिवस. दुपारची बंदी आम्ही कसोशीने पाळत होतो. त्यात एक मिनिटाची कसूर नव्हती. पण व्हिलांची वसाहत ही टॉवरसारखी नसते. टॉवरला एक लिफ्ट, एक टाकी, सगळी माणसे एकावर एक. वसाहत आडवी पसरते. आमची पाण्याची टाकी साइट ऑफिसजवळ होती आणि तो काम करत होता तिथून ती सहाशे मीटर लांब होती. सहाशे मीटर उन्हात जायचे आणि यायचे, वर फोरमनची नजर. नवा माणूस जात नाही. तहान मारतो.

पोरगा वाचला. आठ दिवस इस्पितळात होता. मूत्रपिंडांना धक्का बसला होता. डॉक्टरांनी उन्हातले काम बंद सांगितले, म्हणजे त्याच्या बाबतीत कामच बंद. तो गावी परत गेला. भरती करणाऱ्या दलालाचे कर्ज फिटायला तो इथे आला होता, ते फिटले की नाही मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही, हेही खरेच सांगून टाकतो.

कायद्याने आमचे काही चुकले नव्हते. टेंडराप्रमाणेही चुकले नव्हते. ओळ होती, फक्त तिच्यापुढे रक्कम नव्हती.

त्यानंतर मी एक हिशेब करून ठेवला आहे. तोच इथे मांडतो, कारण 'हे परवडत नाही' असे जे म्हणतात त्यांनी तो तपासावा. ४० व्हिला, २०० कामगार, अठरा महिन्यांचे काम, त्यात दोन उन्हाळे. उष्णतेत काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे असा सल्ला अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था नायोश देते. दिवसाला माणशी ८ लिटर धरू. उन्हाळ्याचे कामाचे ८० दिवस. म्हणजे १,२८,००० लिटर. पाच गॅलनची बाटली ८ दिरहॅमला धरली तर एका उन्हाळ्याचे सुमारे ५४ हजार, दोघांचे १ लाख ८ हजार. पंखा आणि पाणी असलेल्या, ओढून नेता येतील अशा सहा सावल्या, प्रत्येकी १५ हजार, म्हणजे ९० हजार. एक नर्स, महिना ६ हजारांप्रमाणे अठरा महिने, १ लाख ८ हजार.

आणि नवा माणूस. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. उष्णतेच्या कामात नव्याने आलेल्याला पहिल्या दिवशी २० टक्केच काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे, असेही नायोश सांगते. म्हणजे पहिल्या चार दिवसांत मिळून एका माणसाचे दोन दिवस बुडतात. १६ तास, तासाला १२.५०, २०० दिरहॅम. एका उन्हाळ्यात साठ नवी माणसे आली तर १२ हजार, दोन उन्हाळ्यांचे २४ हजार. आकडा लिहिल्यावर मी तो दोनदा तपासला होता, चुकला असेन असे वाटून. त्या मुलाचे ते दोन दिवस २०० दिरहॅमचे होते.

सगळे मिळून ३ लाख ३० हजार. सहा कोटींच्या कामात अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. व्हिलामागे ८,२५०.

यावर नेहमीचे उत्तर असे: तू धरशील, बाकीचे धरणार नाहीत, काम त्यांना मिळेल. बरोबर आहे. सहा कंत्राटदारांत अर्ध्या टक्क्याने टेंडर हातचे जाते, मी स्वतः घालवलेली आहेत. म्हणूनच हे कंत्राटदाराच्या सदिच्छेवर सोडता कामा नये असे माझे मत आहे. ते टेंडर काढणाऱ्याने करायचे आहे, आणि त्याची सोय टेंडरात आजच आहे. स्वयंपाकघरातली कपाटे घ्या. विकसकाला ठाऊक असते की यात चढाओढ लावली तर प्रत्येक कंत्राटदार हलक्यातला माल धरेल. म्हणून तो स्वतःच रक्कम लिहून देतो, उदाहरणार्थ व्हिलामागे ४५ हजार. याला प्रोव्हिजनल सम म्हणतात. सगळ्यांनी तेवढीच धरायची, प्रत्यक्ष खर्च होईल तसे पैसे मिळतात, खर्च झाला नाही तर मिळत नाहीत. गिऱ्हाइकाच्या कपाटांना आणि बागेतल्या खजुराच्या झाडांना जे संरक्षण मिळते, ते पाणी, सावली, नर्स आणि नव्या माणसाचे पहिले चार दिवस यांना द्यायला काय हरकत आहे? एक ओळ वाढेल. चढाओढ सिमेंटच्या वाटाघाटीत, क्रेनच्या नियोजनात, शटरिंग किती वेळा फिरवता येते यात लावा ना. खरे कौशल्य तिथेच दिसते.

दुसरे उत्तर सल्लागारांचे असते: कायद्यात आहेच, तेव्हा ते दरात समाविष्ट आहे असे मानावे. 'समाविष्ट मानावे' हा आमच्या धंद्यातला सर्वांत सोयीस्कर शब्दप्रयोग. कायदा म्हणतो पाणी द्या. किती ठिकाणी, किती अंतरावर, हे प्रत्येक साइटचे वेगळे असते आणि ते नकाशा समोर असलेल्या माणसानेच ठरवायचे असते. कुंपणाची उंची, दिव्यांमधले अंतर, ट्रकची चाके धुण्याची जागा हे सगळे टेंडरात मापासकट लिहिलेले मी पाहिले आहे.

आपल्या मंडळात माझ्यासारखे बांधकामातले लोक कमी नाहीत. सल्लागाराच्या ऑफिसात स्पेसिफिकेशन लिहिणारे आहेत, विकसकाकडे काम करणारे आहेत, दोघे-तिघे तर स्वतः कंत्राटे घेतात. त्यांच्याशी मला हे बोलायचे होते. व्हिला घेणाऱ्यांनीही विक्री कार्यालयात फरशीचा नमुना बघताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही, की साइटवर पाण्याची ठिकाणे किती आहेत. विक्री करणारा गोंधळेल. गोंधळू द्या. दहा जणांनी विचारले की अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवतो.

गावी घर बांधणाऱ्यांचे तर आणखी सोपे, कारण तिथे टेंडर काढणारे तुम्हीच असता. नागपूर-चंद्रपूरकडचा मे महिना काही दुबईला हार जाणारा नाही. ठेकेदार चौरस फुटाचा एक भाव सांगतो आणि आपण इथून फोनवर घासाघीस करतो. तेव्हा एवढे विचारा की त्या भावात मजुरांचे पाणी, दुपारची सुट्टी आणि बसायची सावली आहे का. नसेल तर ती रक्कम वेगळी लिहून घ्या आणि वेगळी द्या.

जाता जाता आरोग्याचे, कारण हे साइटवरच नाही तर कुठेही घडू शकते. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, चिडू लागला, तर तो दमलेला नाही, आजारी आहे. अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड सगळे धोक्यात येते. अंग कोरडे पडले असेल तरच उष्माघात असे समजू नका, कष्टाचे काम करणाऱ्याला घामाने थबथबलेला असतानाही तो होतो. इथे ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. थंड करणे आधी, इस्पितळ नंतर, हा क्रम आमच्या साइटवर त्या दिवशी कोणालाही ठाऊक नव्हता. त्याला गाडीत घालून ऑफिसकडे आणण्यात वीस मिनिटे गेली.

असो. सध्या माझ्या टेबलावर एका वसाहतीचे टेंडर आहे, ६४ व्हिलांचे. प्रिलिमिनरीजमध्ये पाण्याला ओळ नाही. मी सल्लागाराला लेखी प्रश्न पाठवला की यासाठी प्रोव्हिजनल सम द्याल का. उत्तर आले, 'दरात समाविष्ट मानावे.' मी नकाशावर पाण्याच्या नऊ जागा खुणा करून तोच प्रश्न पुन्हा पाठवला आहे. टेंडर भरायला अजून अकरा दिवस आहेत.